डॉक्टर म्हणून पात्र, मालक म्हणून अपात्र: सुझन ला फ्लेश आणि त्यांचे घराणे

१/
डॉ. आनंदीबाई जोशी यांचे एक छायाचित्र मराठी समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरते. साडीतल्या आनंदीबाई, शेजारी किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली. तारीख १० ऑक्टोबर १८८५, स्थळ फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. आनंदीबाई मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत मायदेशी निघाल्या. त्याच शरदात या कॉलेजात एक नवी विद्यार्थिनी दाखल झाली. ती समुद्र ओलांडून आली नव्हती. तिचे पूर्वज शेकडो वर्षे त्याच खंडावर राहत होते. तरीही अमेरिकेच्या कायद्याच्या दृष्टीने ती त्या दिवशी अमेरिकेची नागरिक नव्हती.

२/
तिचे नाव सुझन ला फ्लेश. नेब्रास्कातील ओमाहा जमातीची ही कन्या १४ मार्च १८८९ रोजी वर्गात पहिली येऊन डॉक्टर झाली. अमेरिकेतील मूलनिवासी स्त्रियांपैकी वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली, अशी तिची नोंद इतिहासात होते. नोंद खरी आहे, पण अपुरी आहे. ‘पहिली’ या शब्दात एक गृहीतक दडलेले असते. दार आधीपासून उघडेच होते, कोणी आत शिरण्याचाच काय तो अवकाश होता, असे त्यातून सूचित होते. सुझन यांचे आयुष्य या गृहीतकाविरुद्ध साक्ष देते. ज्या सरकारने हजारांहून अधिक माणसांचे आरोग्य त्यांच्या हाती सोपवले, त्याच सरकारने त्यांच्या स्वतःच्या मुलांची जमीन त्यांच्या हाती सोपवण्यास खळखळ केली. हा विरोधाभास समजून घ्यायचा तर सुरुवात त्यांच्या आजोबांपासून करावी लागते.

३/
१८१९ साली अमेरिकन सैन्याची एक मोहीम मिसूरी नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढत आली आणि आजच्या ओमाहा शहराच्या उत्तरेस तिने हिवाळी तळ ठोकला. खारवलेले मांस आणि धान्य यांवर दिवस काढणाऱ्या या सैनिकांत स्कर्व्हीची साथ पसरली. वसंत येईपर्यंत शंभराहून अधिक माणसे दगावली. या मोहिमेतील शल्यवैद्यांपैकी एक होते जॉन गेल. त्यांनी लिहिलेली रोजनिशी पुढे छापून प्रसिद्ध झाली. सीमेवरील वैद्यक त्या काळी किती असहाय होते, हे समजण्यासाठी ही एक साथ पुरेशी आहे. रानातल्या ताज्या भाजीपाल्याने बरा होणारा रोग छावणीतल्या औषधांच्या पेटीला दाद देत नव्हता.

४/
तळाच्या जागी फोर्ट ॲटकिन्सन हा किल्ला उभा राहिला. तेथे गेल यांनी निकोमी नावाच्या मूलनिवासी स्त्रीशी संसार मांडला. त्यांना मेरी ही मुलगी झाली. १८२७ मध्ये सैन्याने किल्ला सोडला, गेलही सैन्याबरोबर गेले. निकोमी आणि मेरी आपल्या माणसांत राहिल्या. ही मेरी म्हणजे सुझन यांची आई. म्हणजे सुझन यांच्या घरात डॉक्टर आधी होऊन गेला होता, पण तो सैन्याचा डॉक्टर होता. सरकारने सीमेवर वैद्य पाठवला तो आपल्या सैनिकांसाठी. त्या भूमीवर आधीपासून राहणाऱ्यांचा वैद्य होणे दोन पिढ्यांनंतर त्याच्या नातीच्या वाट्याला आले.

५/
सुझन यांचे वडील जोसेफ ला फ्लेश. त्यांचे वडील लोकरी कातड्यांचा व्यापार करणारे फ्रेंच, आई पोंका जमातीची. ओमाहांचे वयोवृद्ध प्रमुख बिग एल्क यांनी जोसेफ यांना मुलगा मानले आणि आपला वारस नेमले. ‘लोखंडी डोळा’ अशा अर्थाच्या नावाने ते जमातीत ओळखले जात. १८५४ मध्ये ओमाहांनी अमेरिकन सरकारशी करार केला आणि आपल्या शिकारभूमीचा फार मोठा भाग सोडून मिसूरीकाठच्या एका राखीव प्रदेशात राहणे पत्करले. त्या करारावर सही करणाऱ्या प्रमुखांत जोसेफ होते. गवे संपत चालले होते आणि गोऱ्या शेतकऱ्यांच्या वस्त्या मिसूरीपाशी येऊन ठेपल्या होत्या. लढून निभाव लागणार नाही आणि पळून जायला जागा उरलेली नाही, हे त्यांनी ओळखले होते.

६/
मग जोसेफ यांनी तिसरा मार्ग निवडला. त्यांनी व त्यांच्या अनुयायांनी मातीच्या गोल घरांऐवजी लाकडी घरे बांधली, जमिनी नांगरल्या, मुलांना मिशनच्या शाळेत घातले. जमातीतल्या विरोधकांनी या वस्तीला ‘गोऱ्यांचे सोंग घेणाऱ्यांचे गाव’ असे कुचेष्टेचे नाव दिले. दारूवर जोसेफ यांचा इतका कटाक्ष होता की पिऊन आलेल्यास फटके मारण्याची शिक्षा त्यांनी सुरू केली. प्रतिष्ठित घराण्यातील मुलींच्या अंगावर गोंदण्याचा मान ओमाहांत मोठा समजला जाई. जोसेफ यांनी आपल्या मुलींना गोंदवू दिले नाही. मुलांना पुढे गोऱ्यांच्या जगात वावरावे लागेल आणि तेथे ही खूण त्यांच्या आड येईल, असा त्यांचा हिशेब होता.

७/
हा हिशेब बरोबर होता की चूक, यावर ओमाहांत तेव्हाही एकमत नव्हते. पण त्याचे फळ मात्र विलक्षण निघाले. सुझेट ही थोरली मुलगी लेखिका आणि वक्ता झाली. रोझलीने जमातीच्या सामाईक कुरणांचा आणि गुरांचा व्यवहार सांभाळला. मार्गरिट शिक्षिका झाली. सावत्र भाऊ फ्रान्सिस मूलनिवासी संस्कृतीचा अभ्यासक झाला आणि ॲलिस फ्लेचर या संशोधिकेबरोबर त्याने लिहिलेला ‘द ओमाहा ट्राइब’ हा ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. १७ जून १८६५ रोजी जन्मलेली सुझन या भगिनींत सर्वांत धाकटी. एका पिढीतल्या एका घराने जमातीला वक्ता, हिशेबनीस, शिक्षक, इतिहासकार आणि डॉक्टर दिले. याला योगायोग म्हणता येत नाही.

८/
थोरल्या बहिणीचा प्रसंग धाकटीच्या आयुष्याची पार्श्वभूमी आहे. १८७७ मध्ये सरकारने पोंका जमातीला नेब्रास्कातून उठवून दक्षिणेकडील इंडियन टेरिटरीत नेऊन टाकले. तेथे रोगराईने अनेक जण मेले. प्रमुख स्टँडिंग बेअर यांचा मुलगाही गेला. मुलाला पूर्वजांच्या भूमीत पुरण्यासाठी ते परत निघाले आणि ओमाहांच्या आश्रयाला आले. सैन्याने त्यांना अटक केली. १२ मे १८७९ रोजी न्यायाधीश एल्मर डंडी यांनी निकाल दिला की कायद्याच्या अर्थाने इंडियन हासुद्धा ‘व्यक्ती’ आहे आणि बेकायदा कैदेविरुद्ध तो न्यायालयात दाद मागू शकतो. पुढे स्टँडिंग बेअर पूर्वेकडील शहरांत भाषणे देत फिरले तेव्हा त्यांची दुभाषी होती सुझेट. सुझन तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. माणूस हा माणूस आहे, हे सिद्ध करायला कोर्टात जावे लागते, हे या घरातली मुले ऐकीव माहितीने शिकली नाहीत.

९/
सुझन डॉक्टर का झाल्या, याचे उत्तर त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. त्या आठ वर्षांच्या असताना एका आजारी म्हातारीच्या उशाशी बसल्या होत्या. सरकारी डॉक्टरला बोलावणे धाडले. येतो, असा निरोप आला, डॉक्टर आला नाही. पुन्हा बोलावणे गेले, पुन्हा तोच निरोप. असे चार वेळा झाले. पहाटेपूर्वी म्हातारीने प्राण सोडला. एक इंडियन बाई मेली तर काय बिघडले, हा त्या गैरहजेरीचा अर्थ त्या मुलीला समजला. या प्रसंगात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या प्रदेशात डॉक्टर होता. त्याचा पगारही सरकार देत होते. उणीव वैद्यकाची नव्हती. रुग्णाला माणूस मानण्याची होती.

१०/
मिशनच्या शाळेनंतर सुझन १८७९ मध्ये न्यू जर्सीतील एलिझाबेथ या गावी मुलींच्या शाळेत गेल्या आणि पुढे व्हर्जिनियातील हॅम्प्टन संस्थेत शिकल्या. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली ही संस्था तेव्हा मूलनिवासी विद्यार्थ्यांनाही घेत असे. तेथील निवासी डॉक्टर मार्था वॉल्ड्रन फिलाडेल्फियाच्याच कॉलेजातून पदवी घेतलेल्या होत्या. त्यांनी आणि ॲलिस फ्लेचर यांनी सुझन यांना वैद्यकाकडे वळवले. खर्चाचा प्रश्न कनेक्टिकटमधील एका महिला संघटनेने आणि सरकारच्या इंडियन कार्यालयाने मिळून सोडवला. पण मदतीसोबत अट आली. पदवीनंतर काही वर्षे लग्न करू नये, अशी देणगीदार महिलांची अपेक्षा होती. सुझन यांनी ती मान्य केली. हॅम्प्टनमध्ये जुळलेले एक प्रेम त्यांनी त्यासाठी बाजूला ठेवले.

११/
मराठी वाचकाला येथे ओळखीचे काहीतरी दिसेल. आनंदीबाईंना आधार देणाऱ्या कार्पेंटरबाई न्यू जर्सीतील रोझेल गावच्या, आणि रोझेल हे एलिझाबेथला लागूनच आहे. दोघींच्या प्रवेशाच्या वेळी कॉलेजच्या डीन एकच होत्या, रेचल बॉडली. दोघींनाही परोपकारी अमेरिकन स्त्रियांचा मनापासून पाठिंबा मिळाला. आणि दोघींकडून त्या स्त्रियांना एक विशिष्ट फळ अपेक्षित होते, ‘अंधारातल्या’ समाजात प्रकाश नेणारी दूती. या अपेक्षेत प्रेम होते, तसा अहंकारही होता. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या तेव्हा त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांना रुग्ण तपासायला आयुष्याने सवड दिली नाही. ती सवड सुझन यांना मिळाली. म्हणून अशा शिक्षणाच्या करारात पुढे काय घडते, हे त्यांच्या आयुष्यात शेवटपर्यंत पाहता येते.

१२/
१८८९ च्या उन्हाळ्याअखेर सुझन ओमाहांच्या राखीव प्रदेशातील सरकारी शाळेच्या डॉक्टर म्हणून परतल्या. काही महिन्यांतच संपूर्ण जमातीची जबाबदारी त्यांच्यावर आली. १२०० हून अधिक माणसे, सुमारे ४५० चौरस मैलांचा मुलूख, पक्का रस्ता नाही, रुग्णालय नाही. सरकारी पगार वर्षाला ५०० डॉलर. जवळच्या घरी त्या पायी जात, दूरच्या घरी घोड्यावर आणि पुढे घोडागाडीतून. हिवाळ्यात पारा शून्याखाली कितीतरी अंश उतरे. क्षय, इन्फ्लुएन्झा, आमांश, डोळे येणे हे नेहमीचे रोग होते. त्यांच्याआधी डॉक्टरकडे न फिरकणारी माणसे आता येऊ लागली. कारण साधे होते. ही डॉक्टर त्यांच्या भाषेत बोलत होती आणि बोलावल्यावर येत होती.

१३/
लवकरच त्यांच्या दवाखान्यात रोगाव्यतिरिक्त इतर गोष्टीही येऊ लागल्या. कोणाचे पत्र वाचून द्यायचे, कोणाचा अर्ज लिहायचा, कोणाच्या जमिनीच्या भाडेपट्ट्यातली कलमे समजावून सांगायची. वरवर पाहता ही डॉक्टरची कामे नव्हेत. पण ज्या घरात क्षयाचा रोगी आहे त्या घराला खिडकी आहे का, पोटभर अन्न आहे का, भाडेपट्ट्याचे पैसे वेळेवर मिळाले का, यावर त्या रोग्याचे जगणे अवलंबून होते. आज सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात जी गोष्ट तत्त्व म्हणून शिकवतात, ती या डॉक्टरला दारोदार हिंडून कळली. ओमाहांचे आजारपण आणि ओमाहांची जमीन हे दोन वेगळे विषय नव्हते.

१४/
सततच्या श्रमांनी सुझन यांची प्रकृती ढासळली. कान, मान आणि पाठीच्या वेदनांनी त्यांना आयुष्यभर पिडले. आईही आजारी होती. १८९३ मध्ये त्यांनी सरकारी पद सोडले. १८९४ मध्ये त्यांनी यँक्टन सू जमातीच्या हेन्री पिकॉट यांच्याशी लग्न केले आणि बँक्रॉफ्ट गावी खाजगी दवाखाना थाटला. तेथे गोरे आणि मूलनिवासी दोन्ही रुग्ण येत. कॅरिल आणि पिअर हे दोन मुलगे झाले. विवाहित स्त्रीने, त्यातही आईने, व्यवसाय सोडावा असा त्या काळचा संकेत होता. सुझन यांनी तो पाळला नाही.

१५/
दारूविरुद्ध लढण्याचा वारसा त्यांना वडिलांकडून मिळाला होता. राखीव प्रदेशाच्या सीमेवर दारू विकणारे टपून बसलेले असत. भाडेपट्ट्याचा पैसा हाती आला की तो त्यांच्या गल्ल्यात जाई, आणि नशेत कागदावर अंगठा उमटवून घेणेही सोपे होई. सुझन यांनी सरकारकडे पत्रे लिहिली, कायद्याच्या अंमलबजावणीची मागणी केली. आणि मग हेच संकट त्यांच्या घरात शिरले. हेन्री यांना व्यसन जडले. आजारपणाने खंगून १९०५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. जमातीत ज्या रोगाचे निदान त्या वर्षानुवर्षे करत होत्या, त्याने त्यांच्याच दोन मुलांचे पितृछत्र हिरावले.

१६/
पतीच्या मृत्यूनंतर त्यांची गाठ सरकारी दफ्तराशी पडली. हेन्री यांच्या नावे दक्षिण डकोटात सुमारे १८५ एकर जमीन होती. ती विकून मुलांचे शिक्षण करावे, एवढीच सुझन यांची इच्छा होती. पण १८८७ च्या डॉझ कायद्यानुसार मूलनिवासींना वाटून दिलेली जमीन पंचवीस वर्षे सरकारच्या ताब्यात, विश्वस्ताच्या नात्याने, राहत असे. सरकारच्या परवानगीशिवाय ती विकता येत नसे, आणि वारसांना आपण ‘सक्षम’ असल्याचे पटवून द्यावे लागे. अल्पवयीन मुलांचा कायदेशीर पालक म्हणून दुसराच एक नातेवाईक नेमलेला होता. मुलांची आई, जी वीस वर्षांपूर्वीच इंग्रजीत पदवी मिळवण्याच्या वाटेला लागली होती, जी मृत्यूचे दाखले लिहीत होती, तिला आपल्या मुलांच्या हिताचा निर्णय घेण्यासाठी कार्यालयाला पत्रामागून पत्र लिहावे लागले.

१७/
याच डॉझ कायद्याने जमीन वाटून घेतलेल्या मूलनिवासींना नागरिकत्वही दिले होते. म्हणजे कागदावर हे लोक नागरिक होते आणि व्यवहारात सरकारचे पाल्य. मत देता येई, पण स्वतःचे शेत विकता येत नसे. या व्यवस्थेच्या समर्थकांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. जमिनीवर डोळा ठेवून बसलेल्या दलालांपासून भोळ्या माणसांचे रक्षण करायचे, असा तिचा घोषित हेतू होता. पण रक्षण करणारे कार्यालय शेकडो मैल दूर, त्याचे कारकून बेफिकीर आणि नियम सर्वांना एकच. भाडेपट्ट्याचा पैसा आजाऱ्याला हवा असताना मिळत नसे. आणि दलाल तर या नियमांतून वाटा काढण्यात तरबेज होते. सुझन यांनी स्वतःचे प्रकरण निकाली लावले तेव्हा इतर ओमाहा आपापले कागद घेऊन त्यांच्या दारी येऊ लागले. वारसांच्या जमिनी लबाडीने बळकावणाऱ्यांविरुद्धही त्यांनी आवाज उठवला.

१८/
ओमाहांच्या जमिनींची पंचवीस वर्षांची मुदत संपत आली, तेव्हा सरकारने ती आणखी दहा वर्षांनी वाढवायचे ठरवले. सुझन यांनी वर्तमानपत्रांतून त्याचा समाचार घेतला. त्यांचा युक्तिवाद असा की पाव शतक शिकवूनही हे लोक अजाण राहिले असतील तर दोष शिकवणाऱ्याचा आहे, आणि ते जाणते झाले असतील तर बेडी काढा. १९१० मध्ये प्रकृती साथ देत नसताना त्या ओमाहांच्या शिष्टमंडळाबरोबर वॉशिंग्टनला गेल्या आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे त्यांनी बाजू मांडली. सरकार नमले. बहुसंख्य ओमाहांना स्वतःच्या जमिनीचे व्यवहार करण्यास सक्षम ठरवण्यात आले.

१९/
कथा येथे संपवली तर ती सुखान्त होईल, पण खोटी होईल. विक्रीचा हक्क मिळाला आणि त्यापाठोपाठ खरेदीदार आले, सावकार आले, करवसुली आली. पुढच्या काळात ओमाहांच्या हातून भरपूर जमीन निसटली. देशभर हेच घडले. १८८७ मध्ये मूलनिवासींकडे सुमारे १३.८ कोटी एकर जमीन होती, १९३४ मध्ये ती ४.८ कोटी एकरांच्या आसपास उरली. मग सुझन चुकल्या का? असा प्रश्न विचारणाऱ्याने त्यांच्यापुढचे पर्याय पाहावेत. एका बाजूला माणसाला कायमचे अज्ञान ठरवणारे पालकत्व, दुसऱ्या बाजूला लांडग्यांनी भरलेला बाजार. जमातीची जमीन जमातीकडेच एकसंध राहावी, हा तिसरा पर्याय डॉझ कायद्याने आणि ओमाहांपुरता त्याआधीच्या १८८२ च्या कायद्याने मोडून टाकला होता. वाटणीचे ते काम ॲलिस फ्लेचर यांनी केले आणि त्यांच्या मदतीला फ्रान्सिस ला फ्लेश होते. घराण्याचा हा भाग झाकून ठेवता येत नाही.

२०/
म्हणूनच या घराण्यावर एक आरोप होत आला आहे. गोऱ्यांच्या रीतीभाती पत्करून यांनी स्वत्व सोडले, हा तो आरोप. त्याला आधारही दाखवता येतो. ओमाहांचा पवित्र स्तंभ, जो जमातीच्या एकतेचे जिवंत प्रतीक मानला जाई, १८८८ मध्ये फ्रान्सिस आणि फ्लेचर यांच्या पुढाकाराने हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात गेला. तो जमातीकडे परत यायला १९८९ साल उजाडले. पण याच फ्रान्सिसने ओमाहांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि विधी लिहून ठेवले. एकाच माणसाने जमातीच्या हातून ठेवा जाऊ दिला आणि जमातीची स्मृतीही जपली. ‘फितूर’ आणि ‘उद्धारक’ हे दोन्ही शब्द अशा माणसापुढे थिटे पडतात. बुडत्या नावेतून काय वाचवायचे आणि काय टाकून द्यायचे, हे ठरवायला या लोकांकडे फार थोडा वेळ होता. आणि नाव त्यांनी बुडवली नव्हती.

२१/
सुझन यांच्या शेवटच्या दशकातील कामाकडे या दृष्टीने पाहावे. १९०६ मध्ये राखीव प्रदेशातच वसलेल्या वॉल्टहिल या नव्या गावात त्या राहायला गेल्या. तेथे दारूविक्रीला बंदी असावी म्हणून त्यांनी आग्रह धरला. एकाच पेल्याने सर्वांनी पाणी पिण्याची रीत बंद करा, दारे-खिडक्यांना जाळ्या लावा, माश्या मारा, हे त्या घरोघरी सांगत हिंडल्या, कारण क्षय आणि आमांश कसे पसरतात हे लोकांना दिसावे अशी त्यांची धडपड होती. आणि गोळा करत होत्या रुग्णालयासाठी पैसा. प्रेस्बिटेरियन मंडळाने मोठा वाटा उचलला, क्वेकरांनी आणि इतरांनी हातभार लावला. जानेवारी १९१३ मध्ये वॉल्टहिलचे रुग्णालय उघडले. सरकारी पैशावर ते उभे राहिले नव्हते, आणि त्याचे दार गोऱ्या व मूलनिवासी रुग्णांना सारखेच उघडे होते.

२२/
१८ सप्टेंबर १९१५ रोजी, पन्नासाव्या वर्षी, हाडांच्या कर्करोगाने सुझन ला फ्लेश पिकॉट यांचे निधन झाले. सर्व मूलनिवासींना नागरिकत्व देणारा कायदा व्हायला अजून नऊ वर्षे होती. त्यांच्या रुग्णालयाला पुढे त्यांचेच नाव मिळाले आणि १९९३ मध्ये त्या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा देण्यात आला.

२३/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी या कथेतून एक सवय उचलावी. ‘पहिला’ किंवा ‘पहिली’ असे विशेषण दिसले की त्या व्यक्तीच्या कर्तृत्वाला दाद द्यावी, आणि लगेच विचारावे की तिच्याआधी दार कोणी बंद ठेवले होते, ते उघडताना कोणत्या अटी घातल्या आणि आत आल्यावर तिला बसायला जागा दिली का. सुझन यांनी परीक्षा दिल्या, वर्गात पहिल्या आल्या, इंग्रजी शिकल्या, ख्रिस्ती जीवनपद्धती आचरली, वडिलांनी ठरवलेला मार्ग शेवटपर्यंत चालल्या. करारातील आपली बाजू या घराण्याने अक्षरशः पाळली. तरी प्रत्येक पिढीला पुन्हा नव्याने पात्रता सिद्ध करायला सांगण्यात आले. १८७९ मध्ये सुझेट यांच्या काळात प्रश्न होता, इंडियन ही व्यक्ती आहे का? तीस वर्षांनी सुझन यांच्यापुढे प्रश्न होता, ही व्यक्ती सक्षम आहे का? प्रश्न विचारणाऱ्याच्या पात्रतेची चौकशी मात्र कोणत्याच कार्यालयात झाली नाही. ती इतिहासाने करायची असते.